सर, ते चर्च नव्हतं: सहल समित्यांना एक खुलं पत्र

प्रति,
सातारा आणि सांगली जिल्ह्यातल्या शाळांच्या सहल समित्या, त्यातले सगळे सर आणि बाई, आणि सहलीचे पैसे भरणारे माझ्यासारखे पालक,

स.न.वि.वि.

मी काय शिक्षक नाही आणि इतिहासाचा अभ्यासक तर अजिबात नाही. साताऱ्यात बांधकामाची बारकी-मोठी कामं घेतो, वडील गवंडी होते, त्यामुळे ओळंबा आणि थापी घरातच बघत वाढलो, एवढीच माझी लायकी समजा. गेल्या डिसेंबरला पोरीच्या शाळेची सहल पुण्याला गेली तेव्हा पालक म्हणून मी पण बसमध्ये होतो (पालक म्हणजे काय, उलटी आली की पिशवी पुढं करायची). खंबाटकीच्या बोगद्यात पोरांनी नेहमीसारखं ओरडून घेतलं, शनिवारवाडा झाला, केळकर म्युझियम झालं, आणि मग बस कॅम्पात ट्रॅफिकमध्ये अडकली ती नेमकी एका लालभडक विटांच्या इमारतीपाशी, जिच्या डोक्यावर हा एवढा उंच मनोरा आणि त्यात घड्याळ.

एका पोरानं विचारलं, सर हे काय आहे? सर म्हणाले, चर्च आहे. पोरगं हुशार, म्हणालं, मग वर क्रॉस कुठंय? सर मोबाईलमध्येच होते, म्हणाले, पडला असेल. अख्खी बस हसली, सिग्नल सुटला, विषय संपला.

सर, क्रॉस पडला नव्हता. तो कधी नव्हताच. ते ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ आहे, सिनेगॉग. नाव ओहेल डेव्हिड, म्हणजे दाविदाचा तंबू, पण पुण्यात कुणी असं म्हणत नाही, रिक्षावाल्याला लाल देऊळ सांगायचं, तो बरोबर नेतो. सरांवर माझा राग नाही हे आधीच सांगतो, कारण वर्षभरापूर्वी मला कुणी विचारलं असतं तर मी पण चर्चच म्हणालो असतो. आणि माझी चूक तर त्यांच्यापेक्षा मोठी, ती सांगतो.

आपल्याकडं साताऱ्यात, कराडात, वाईत, कुठंही पेशंट सिरियस झाला आणि खिशात पैसे नसले की एकच वाक्य ऐकू येतं, ससूनला हलवा. आमच्या वडलांना पण हलवलं होतं, २००९ साली. बारा दिवस मी त्या आवारात चटईवर काढले, तिथल्या दगडी कमानी बघून वडील खाटेवरून म्हणायचे, बघ रं, काम बघ, असं काम आता कोण करतंय. ते घरी परत आले, नंतर सात वर्षं जगले. पण ससून हे एका माणसाचं आडनाव आहे हे मला त्या बारा दिवसांत एकदाही सुचलं नाही. मला तो 'शासन'सारखाच कुठलातरी सरकारी शब्द वाटायचा. औषधं आणायला कॅम्पात चालत जायचो तेव्हा त्या लाल मनोऱ्यावरचं घड्याळ बघून टाइम बघितलाय मी, आणि ज्याच्या पैशातून ते हॉस्पिटल उभं राहिलं तोच माणूस त्या घड्याळाखालच्या आवारात पुरलेला आहे हे कळायला मला मुलीच्या सहलीपर्यंत थांबावं लागलं.

तर तो माणूस डेव्हिड ससून. जन्म १७९२, बगदादचा, घराणं तिथलं मातब्बर. तिथल्या दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळून पळाला, आधी इराणच्या बुशहर बंदरात राहिला आणि मग १८३२ च्या सुमाराला मुंबईत आला. कापूस, सूत, आणि हो, अफू. चीनला जाणाऱ्या अफूच्या व्यापारात ससून घराण्यानं बक्कळ पैसा केला, हे पोरांना सांगताना गाळू नका, आठवी-नववीची पोरं आहेत, त्यांना दोन्ही बाजू कळतात, उलट गाळलं की तीच पोरं रात्री मोबाईलवर शोधतात आणि आपल्याला खोटं पाडतात. त्याच पैशातून शाळा, दवाखाने, धर्मशाळा, लायब्ररी निघाली हे पण तितकंच खरं. मुंबईचा ससून डॉक त्याच्या मुलानं बांधलेला, काळा घोड्याची लायब्ररी त्याच्या स्वतःच्या नावावर. आणि म्हातारपणी पुण्याची हवा मानवली म्हणून इथं बंगला बांधला, १८६३ साली सिनेगॉगचं काम काढलं आणि १८६४ च्या नोव्हेंबरात पुण्यातच वारला. इमारत पुरी झाली १८६७ ला. म्हणजे ज्यानं पैसे दिले त्यानं ती पूर्ण झालेली बघितलीच नाही. त्याची समाधी शेजारीच, त्याच आवारात.

आता माझ्या धंद्याचं बोलतो, कारण ह्यावर मी जरा अधिकारानं बोलू शकतो.

पुणं काय किंवा आपला सातारा काय, हा सगळा काळ्या दगडाचा मुलूख. अजिंक्यतारा बघा, संगम माहुलीची देवळं बघा, लिंबची बारामोटेची विहीर बघा, सगळा काळा पाषाण. लाल देवळात पण काळा दगड आहे, पण भिंती लाल विटांच्या आणि त्यांवर गिलावा नाही. गिलावा नसणं म्हणजे काय हे गवंड्यालाच विचारा. प्लास्टर हे आमच्या धंद्यातलं पांघरूण आहे, वीट वाकडी बसली, सांधा जाड झाला, कोपरा ओळंब्यातून सुटला, सगळं त्याच्याखाली झाकून जातं आणि मालक खूश. उघड्या वीटकामात लपायला जागाच नाही. एकेक थर दोरीत, सांधे सारखे, सांध्यांतली दरज भरलेली एकसारखी, आणि हे जमिनीपासून ९० फुटांपर्यंत. ९० फूट म्हणजे आजच्या हिशोबानं नऊ मजले, आणि तेव्हा ना लिफ्ट ना क्रेन, बांबूची परांची आणि डोक्यावर घमेली. मी खाली उभा राहून मान मोडेस्तोवर बघत होतो, एक ओळ वाकडी सापडते का, धंदेवाईक खोड हो. मला तरी सापडली नाही. त्या गवंड्यांची नावं कुठं लिहिलेली दिसली नाहीत, इंजिनिअरचं नाव मात्र सगळीकडं आहे, हे आमच्या धंद्यात तेव्हापासूनच आहे म्हणायचं.

इंजिनिअर म्हणजे हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स, इंग्रज लष्कराच्या इंजिनिअर खात्यातला. येरवड्याकडची डेक्कन कॉलेजची जुनी इमारत पण त्याचीच. आता लष्करातल्या इंग्रज माणसाला उंच आणि भारदस्त धर्मस्थळ बांध म्हटल्यावर तो काय बांधणार, त्याच्या गावाकडं जे बघत तो मोठा झाला तेच, म्हणजे टोकदार कमानी, निमुळता मनोरा, ज्याला गॉथिक म्हणतात ते. कमान टोकदार का करायची ह्याचं पण कारण आहे बरं, नुसती डिझाइन नाही ती. अर्धगोल कमान वजन बाजूला जास्त ढकलते, मग बाजूच्या भिंती जाड कराव्या लागतात. टोकदार कमान तेच वजन जास्त करून खाली उतरवते, त्यामुळं इमारत उंच नेता येते आणि खिडक्या पण मोठ्या ठेवता येतात. सायन्सच्या बाईंनी पाच मिनिटं फळ्यावर दोन कमानी काढून बाण दाखवले तरी पोरांना कळेल, त्याला वेगळा तास लागत नाही.

पण मग ज्यूंचं देऊळ चर्चसारखं चालतं कसं, हा प्रश्न मला पण पडला होता. उत्तर असंय की सिनेगॉग बाहेरून कसं दिसावं ह्याचा त्यांच्या धर्मात काही ठरलेला नियमच नाही, कळस पाहिजे, घुमट पाहिजे, असं काही नाही. जे ठरलंय ते आत. बाहेरून ते शेजाऱ्यासारखं असतं. कोकणात गेलात तर तिथल्या घरांच्या रांगेत बसणारं, पुण्यात इंग्रजांचं राज्य म्हणून इंग्रजी थाटाचं. आत मात्र बगदाद असो, पुणं असो की अलिबाग, मांडणी तीच. एका भिंतीत कपाटासारखा कोनाडा, त्यात तोराच्या, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाच्या, हातानं लिहिलेल्या गुंडाळ्या, त्याच्यापुढं पडदा आणि कायम तेवणारा दिवा. ही भिंत जेरुसलेमच्या दिशेची, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेची. मधोमध कठडा घातलेला उंच ओटा, तिथं उभं राहून वाचन होतं. बायकांना वर सज्जा. मूर्ती नाही, तसबीर नाही. आणि सामुदायिक प्रार्थनेला दहा मोठी पुरुष माणसं लागतात, नऊ असली तर ती पुरी होत नाही, ह्या दहाच्या आकड्यावर खाली परत येतो.

मी महिन्याभरानं एकटाच परत गेलो. आधी विचारून, आधार कार्ड घेऊन. गेटवर पोलीस असतात, ते असणारच, २००८ ला मुंबईत ज्यूंच्या नरिमन हाऊसवर काय झालं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. म्हणून ऐनवेळी पन्नास पोरांची बस दारात उभी करून "जरा बघून येतो" हे तिथं चालणार नाही आणि चालू पण नये. आत गेल्यावर मला पहिल्यांदा काय जाणवलं असेल तर थंडावा. जाड भिंती आणि उंच छत, बाहेर कॅम्पात हॉर्नचा कल्ला आणि आत स्वतःच्या चपलांचा आवाज. डोकं झाकायला सांगतात पुरुषांना, रुमाल बांधला तरी चालतो. मी माझी साइटवरची टोपी खिशात नेली होती, तीच घातली, सिमेंटचे डाग होते तिच्यावर, कुणी काही बोललं नाही.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, असेल बाबा, पण बगदादचा श्रीमंत व्यापारी आणि इंग्रज इंजिनिअर, त्यात आपल्या पोरांचं काय? रास्त आहे. म्हणून आता दुसरी सहल घ्या, कोकणची, कारण खरी आपली माणसं तिकडं आहेत.

डेव्हिड ससूनचे लोक बगदादी ज्यू, शे-दोनशे वर्षांपूर्वी आलेले. त्यांच्या कितीतरी आधीपासून कोकणपट्टीत राहणारे ज्यू म्हणजे बेने इस्रायल, आणि ह्यांची मातृभाषा मराठी. त्यांची परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, त्यांचा हा वंश. गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे पण शनिवारी घाणा बंद, कारण शनिवार त्यांचा विश्रांतीचा दिवस, म्हणून गाववाल्यांनी नाव ठेवलं शनवार तेली. आडनावं ऐका: पेणकर, दिवेकर, केहिमकर, राजपूरकर, रोहेकर, झिराडकर. हिंदी सिनेमातले डेव्हिड आठवतात का, ते टक्कल आणि ते हसणं? चेऊलकर ते, चौलचे. नवस फेडायला पोहे, खोबरं, साखर, फळं घालून मलिदा करतात आणि एलियाहू हन्नाबी ह्या त्यांच्या प्रेषिताचं नाव घेतात. आपल्या सत्यनारायणाच्या शिऱ्याइतकंच घरगुती आहे ते. आणि पुण्यात १८७४ साली त्यांच्या वल्हांडण सणाची (इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याचा सण) पोथी छापली गेली, हिब्रू आणि मराठी दोन्हीत, छापखाना विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांचा, आणि त्यातल्या चित्रात सणाच्या बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका लुगडं नेसून जमिनीवर बसल्यात. इजिप्तमधून सुटकेची गोष्ट आणि चित्रात आपली आजी, असा प्रकार.

ह्यांच्यातलेच सामाजी हसाजी दिवेकर, कंपनी सरकारच्या पलटणीत होते, टिपूबरोबरच्या लढाईत कैद झाले. सुटलो तर प्रार्थनास्थळ बांधीन असा नवस बोलले म्हणतात, सुटले, आणि १७९६ ला मुंबईत मांडवी भागात सिनेगॉग बांधलं. मुंबईतलं पहिलं. बेने इस्रायल लोक आपल्या सिनेगॉगला बोलताना मशीद म्हणायचे, आणि मशीद बंदर स्टेशनचं नाव ह्याच 'मशिदी'वरून पडलं असं सांगतात. आपल्या गावाकडचे किती जण त्या स्टेशनला उतरून भांडी-मसाल्याची खरेदी करून आलेत, मी पण त्यातलाच.

आता तुमच्या सोयीचं बोलतो. कोकण सहलीत अलिबाग असतंच, आणि कुलाबा किल्ल्याला चालत जायचं तर ओहोटी लागते, आणि सहलीची बस कधीच ओहोटीच्या टायमाला पोचत नाही, हा माझा तीन सहलींचा अनुभव आहे. मग दोन-दोन तास पोरं किनाऱ्यावर घोडागाडीच्या मागं धावतात आणि बाई शिट्ट्या मारून दमतात. तेवढ्या वेळात गावातल्या इस्रायल आळीत जाता येतं. नावच इस्रायल आळी! तिथं मागेन अबोथ सिनेगॉग आहे, १८४८ सालचं, १९१० ला नव्यानं बांधलेलं. लाल देवळासमोर ते अगदी साधं, मनोरा नाही, रुबाब नाही, आळीतल्या थोरल्या घरासारखं. पण आत तोच ओटा, तोच पडदा, तोच वरचा सज्जा. पुण्यातलं आणि अलिबागचं अशी दोन्ही बघितली की "बाहेरून शेजाऱ्यासारखं, आतून आपलं" हे पोरांना न सांगता कळेल. पुढं रेवदंड्याला जाणार असाल तर तिथं पण आहे, १८४२ चं. आणि मुंबईला गेलात तर काळा घोड्याजवळचं निळं सिनेगॉग, १८८४ चं, डेव्हिड ससूनच्या नातवानं बांधलेलं, २०१९ ला दुरुस्त करून परत उघडलं. तिथं रंगाचे थरच्या थर खरवडून मूळ रंग शोधला म्हणे. आमच्याकडं जुन्या वाड्याला ऑइलपेंट मारून 'नूतनीकरण' म्हणतात, त्यांना ते जरूर दाखवावं, पण तो वेगळा विषय, त्यावर बोललो तर आपल्याच आळीत माझी भांडणं होतील.

आणि आता तो दहाचा आकडा. १९४८ नंतर ह्यातले बहुतेक लोक इस्रायलला गेले. २०११ च्या जनगणनेत सगळ्या देशात मिळून ज्यू ४,६५० भरले. आपल्या एखाद्या बऱ्यापैकी मोठ्या गावाची वस्ती. कोकणातल्या काही सिनेगॉगांत आता दहा पुरुष जमवायचे तर बाहेरगावाहून माणसं यावी लागतात. आपल्या महाराष्ट्र सरकारनं २०१६ ला त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. तिकडं गेलेल्यांनी मराठी सोडली नाही, इस्रायलमध्ये 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं त्यांनी. आणि इकडं त्यांच्या सिनेगॉगपुढं उभं राहून आपण पोरांना सांगतोय की क्रॉस पडला असेल.

एक जवळचं उदाहरण पण देतो, कारण "आपल्या जिल्ह्याचा काय संबंध" हे कुणीतरी म्हणणारच. औंधला तुम्ही दरवर्षी संग्रहालय बघायला नेता. त्या औंध संस्थानात १९३९ साली राजानं आपणहून सत्ता प्रजेच्या हातात दिली, त्यासाठी जी राज्यघटना गांधीजींच्या सल्ल्यानं तयार झाली त्यात मॉरिस फ्रिडमन ह्या माणसाचा मोठा हात होता, आणि तो पोलंडचा ज्यू इंजिनिअर. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर, ते कैद्यांचं खुलं कारागृह, ती कल्पना पण त्याचीच. सांगलीकरांनो, ते तर तुमच्याच जिल्ह्यात आहे.

तर मागणं एवढंच. पुण्याची किंवा अलिबागची सहल ठरली की तिथल्या विश्वस्तांना पंधरा-वीस दिवस आधी शाळेच्या लेटरहेडवर पत्र टाका, किती पोरं, किती शिक्षक, कधी येणार. ते नाही म्हणाले तर नाही, त्यांचं देऊळ आहे, बाहेरून बघू. शनिवार आणि त्यांचे सण टाळा. पन्नास पोरं एकदम न घालता दोन तुकड्या करा, वेफर्सची पाकिटं बसमध्येच राहू द्या. आणि टीव्हीवरच्या युद्धाची चर्चा तिथं दारात नको, पेण-अलिबागच्या माणसाला गाझाचा जाब विचारण्यात काही अर्थ नाही, तो तुमच्याआमच्याइतकाच इथला. एवढं जमत नसेल तर निदान बसमधून जाताना ते काय आहे ते खरं सांगा. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, पोरांना चालतं.

पत्राचा मसुदा मी करून देतो, मराठी-इंग्रजी दोन्हीत, इंग्रजी माझी पोरगी तपासून देईल. डिसेंबरच्या सहलीचं पत्रक दिवाळीच्या सुट्टीनंतर निघतं, म्हणून आत्ताच लिहितोय. आणि ह्या वर्षी पण पिशव्या धरायला कुणी पालक लागणार असेलच, तर मागची सीट माझी समजा. मला ते वीटकाम परत एकदा उजेडात बघायचंय, वरच्या टप्प्यात कुठंतरी एखादी ओळ चुकलेली असणारच.

आपला,
एक पालक (धंदा बांधकामाचा), सातारा